नारळाचा तडा

साधनाने दोन रुपयांचं नाणं चिमटीत धरलं आणि सायकलच्या वरच्या नळीवर सीटकडून हँडलकडे ठोकत निघाली. टिंग, टिंग, टिंग. बोटभर पुढे, पुन्हा टिंग. नळीवर सोनेरी अक्षरांत ‘धनराज डेव्हलपर्स’ असं झोकात लिहिलेलं होतं. ‘डेव्हलपर्स’ सगळं पार पडलं. ‘धनराज’मधल्या ‘ज’वर नाणं आलं आणि आवाज बसला.

ठप.

तिने हात मागे घेतला. पंखा बंद केला, बाहेरचा पाण्याचा पंप चालू होता तोही जाऊन बंद केला आणि पुन्हा ठोकलं. ‘ज’वर ठप. ‘रा’वर ठप. ‘न’वर, ‘ध’वर ठप. हँडलच्या नळीपाशी पुन्हा टिंग.

कार्बनची फ्रेम म्हणजे मुळात कापडच. काळ्या धाग्यांचे पदर एकावर एक रेझिनच्या चिकट रसात बसवायचे आणि भट्टीत घट्ट करायचे. पदर एकजीव असले की नाणं वाजतं, आत सुटले की आवाज मरतो. लोखंड निदान वाकून तरी सांगतं. कार्बन काही सांगत नाही. बाहेरून नवरीसारखा नटलेला राहतो आणि एक दिवस खाडकन तुटतो.

ही शेड नाशिकजवळ मखमलाबादच्या मळ्यात, झेंडूच्या वाफ्यांना लागून. साधनाचा नवरा ज्ञानेश सात वर्षं ओझरच्या विमान कारखान्यात कंत्राटावर होता, हेच कार्बनचे पदर बसवायचं काम. कंत्राट संपलं तेव्हा त्याने घरामागे पत्रे ठोकले आणि शहरातल्या हौशी सायकलवाल्यांच्या मोडक्या फ्रेमा जोडायला घेतल्या. जोडायचं काम त्याचं, तपासायचं साधनाचं. ती केमिस्ट्रीची पदवीधर, रेझिनचं गणित तिलाही येत होतं. पण तिचे कान खरे तिखट झाले ते चिनू झाल्यावर. दीड वर्षाचं ते पोर पलीकडच्या खोलीत झोपेत कूस बदललं तरी तिला कळायचं. श्वास जरा घरघरला की ती हातातलं टाकून धावायची. सासू म्हणायची, “हिच्या कानाला काय दोरी बांधलीय का पोराची!”

ओझरहून ज्ञानेशने एक सवय आणली होती. दुरुस्त झालेल्या प्रत्येक फ्रेमला पिवळी चिठ्ठी बांधायची. तिच्यावर तीन ओळी: कुठे, कशामुळे, कुणी तपासलं. तिसऱ्या ओळीवर साधनाची सही झाल्याशिवाय सायकल दाराबाहेर जायची नाही. हा नियम ज्ञानेशचाच. दुसऱ्या ओळीत काय काय लिहून झालं होतं! ‘गाडीच्या टपावर बांधून विसरला, सोसायटीच्या कमानीखालून गेला.’ ‘कुत्रं आडवं.’ ‘मेव्हण्याने चालवली.’

या सायकलबरोबर मात्र ड्रायव्हरने नुसता निरोप आणला होता. किरकोळ ओरखडा आहे, रंग मारून द्या, शनिवारी सकाळी नेऊ. आज शुक्रवार.

सायकल कुणाची ते सगळ्या नाशिकला ठाऊक होतं. दसऱ्याला धनराजशेठ बिल्डरने ती दिशाला दान दिली होती. दिशा हरसूलकडची, बारावीला, पेठ रोडच्या वसतिगृहात राहणारी. गेल्या वर्षी उसन्या सायकलवर तिने भल्याभल्यांना मागे टाकलं होतं. परवा रविवारी रेस होती, नाशिकहून पेठ आणि परत. पहिल्या तिघी पुण्याच्या प्रशिक्षण शिबिराला जाणार. वाटेत सावळघाटाचा उतार. त्या उतारावर पोरी साठच्या वेगाने सुटतात, आणि सगळा भार येतो तो हँडलवर. हँडल फ्रेमला जिथे धरलेलं असतं तिथून चार बोटांवर ही ठप होती.

साधनाने वाकून नळीच्या खालच्या बाजूला पाहिलं. ब्रेकची वायर जिथे आत शिरते त्या भोकात कुंकू साचलं होतं. त्यात एक तपकिरी काथ्याचा धागा.

नारळ.

* * *

घरात शिरण्याआधी तिने अंगातला कामाचा शर्ट काढून दाराबाहेर टांगला, कोपरापर्यंत हात धुतले, तोंड धुतलं, केस झटकले. कार्बनची धूळ बारीक, डोळ्यांना दिसत नाही आणि छातीत बसते. चिनूला ती कपडे बदलल्याशिवाय शिवत नसे. ओट्यावर सासू, नवसाबाई, झेंडूचे हार ओवत बसली होती. चिनू फुलांच्या क्रेटमध्ये बसून एकेक फूल बाहेर फेकत होता.

“झालं का सोवळं?” नवसाबाई म्हणाली.

“आई, दसऱ्याला त्या सायकलच्या कार्यक्रमाला हार आपलेच होते ना?”

“आपलेच. मीच गेले व्हते घेऊन. काय तो हॉल, काय ती फरशी! पाय ठेवाया लाज वाटं.” म्हातारीला रंग चढला. “अन् गंमत सांगायची राहिलीच तुला. नारळ फोडाया दगडच नाय! भटजी म्हने खाली नका फोडू, फरशीला डाग पडल. मंग शेठ म्हने त्यात काय, आपन जेसीबीच्या बकेटवर फोडतो का नाय? अन् दिला दनका त्या सायकलीच्या दांडीवर.”

“दांडीवर?”

“मंग! एकदा फुटला नाय. दुसऱ्यांदा बी नाय. लोक हसाया लागले तसा शेठला चेव आला. तिसरा असा हानला का पानी थेट माझ्या लुगड्यावर. टाळ्या म्हनजे काय टाळ्या!”

“आणि ती मुलगी?”

नवसाबाईची सुई थांबली. “ती पुढं झाली व्हती, सायकल धराया. ‘अगं आई’ एवढंच बोलली बघ. टाळ्यांत कुनाला ऐकू जातंय.”

साधनाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. माणसाने चुकून आपटावं, पाडावं, हे ती समजू शकत होती. पण तीन वेळा? लोक हसले म्हणून जास्त जोरात? आणि मग वर ‘किरकोळ ओरखडा’?

तिने चिनूला उचलून घेतलं. त्याने तिच्या नाकात झेंडूची पाकळी घातली. ती त्याला तशीच कडेवर घेऊन ज्ञानेशला शोधायला निघाली, मग शेडच्या दारापाशी थबकून चिनूला पुन्हा सासूच्या मांडीवर ठेवून आली. रागातसुद्धा तेवढं भान होतं, आणि त्या भानाचाही तिला राग आला.

“अहो, त्या सायकलची वरची नळी आतून सुटलीय. हँडलजवळ.”

ज्ञानेश कात्रीने कार्बनचं कापड कापत होता. त्याने मान वर केली नाही. “हं.”

“हं काय? मी ठोकून आले. चार बोटं ठप वाजतंय.”

“कळलं.”

त्या ‘कळलं’मध्ये काहीतरी होतं. ती त्याच्या समोर जाऊन उभी राहिली. “तुम्हाला आधीच माहीत होतं.”

“काल अंगठा दाबून पाहिला. जरा मऊ लागली.”

“आणि फोनवर काय सांगितलंत? ‘होतंय शेठ, उद्या घेऊन जा.’ मी ऐकलंय.”

“साधना, ऐक. शेडमधल्या दहातल्या आठ सायकली शहरातल्या सायकल क्लबच्या. क्लबचा अध्यक्ष कोण? हाच शेठ. नीट जोडायची म्हटली तर घासणं, पदर चढवणं, भट्टी, रंग, पाच दिवस पाहिजेत. रेस परवा. एवढं एक पार पडू दे. रेस झाली की मी स्वतः आणून जोडतो. फुकट.”

“रेस झाली की काय आणशील, ज्ञानेश? सायकल की पोरगी?”

सासूच्या घरात ती त्याला नावाने हाक मारत नसे. मारली की समजायचं. ज्ञानेशने कात्री ठेवली.

“चिठ्ठी बांधू नको,” तो खालच्या आवाजात म्हणाला. “सहीही नको. आपण दुरुस्ती केलीच नाही, नुसता रंग मारला. मग आपल्यावर काही येत नाही.”

 पाच वर्षं हा माणूस तिला सांगत होता, की कारखान्यात ज्याची सही त्याची मान. चिठ्ठीचा दोरा कच्चा निघाला तर पुन्हा बांधायला लावायचा. आणि आज त्याला चिठ्ठीच नको होती.

“फोन दे,” ती म्हणाली.

धनराजशेठने तिसऱ्या रिंगला उचलला. मागे कुठेतरी काँक्रीट मिक्सर फिरत होता. साधनाने सगळं सांगितलं, आवाज न चढवता. नाणं, ठप, सावळघाट. नारळसुद्धा.

शेठ मनापासून हसला. “अहो वहिनी! नारळानं मोडली तर ती सायकल का पापड? कंपनीवाले तर म्हणे विमानात वापरतात हे.”

“विमानावर कुणी नारळ फोडत नाही, शेठ. ही पेडलचा जोर घ्यायला, रस्त्याचे हादरे खायला बनवलीय. वरून ठोसा खायला नाही. तिची भिंत नखाएवढी जाड आहे.”

“बरं बरं. तुमचं शिक्षण आहे, मान्य. पण रविवारी पेपरवाले येणार आहेत. नाव नीट दिसलं पाहिजे, बाकी मला काही नको. तुमच्याकडून होत नसेल तर तसं सांगा, ड्रायव्हर पाठवतो. नाशकात काय पेंटरांचा दुष्काळ पडलाय?”

फोन बंद झाला. म्हणजे आपण नाही म्हटलं तरी कुणीतरी हो म्हणणारच होतं. एखादा गाड्या रंगवणारा तासाभरात फवारा मारून देईल, आणि मग तो तडा कुणालाच दिसणार नाही. ज्या पोरीच्या छातीखाली तो असेल, तिलासुद्धा.

* * *

दुपारी ज्ञानेश सातपूरला रेझिन आणायला गेला. चिनू जेवून झोपला. साधनाने केस बांधले, मास्क घट्ट केला, बादलीत पाणी घेतलं, पॉलिश पेपर भिजवला आणि ‘धनराज’च्या ‘ध’वर ठेवला.

सोनं आधी गेलं. मग चकचकीत थर, मग पांढरा रंग. पाणी दुधासारखं होऊन फरशीवर सांडत होतं. ‘न’ गेला. हातात असा जोर आला होता की तिचं तिलाच नवल वाटलं. कॉलेजात प्रयोगशाळेत हात कापायचे तिचे. मास्तर म्हणायचे, ब्युरेट धर, साप नाही तो. आता हात कापत नव्हता. ‘रा’ घासताना तिला त्या हॉलमधल्या टाळ्या ऐकू येत होत्या. ‘ज’ घासताना ज्ञानेशचं ‘आपल्यावर काही येत नाही’ ऐकू आलं, आणि तो ‘ज’ जरा जास्तच घासला गेला.

खाली तडा होता. एका जागेवरून सहा-सात रेघा फुटलेल्या. तिने अंगठा दाबला. नळी बिस्किटाच्या डब्याच्या झाकणासारखी आत गेली आणि टक करून वर आली.

मग मात्र तिने मुद्दाम पेपर बदलला. खरखरीत घेतला आणि तुटका वरचा पदर तासून काढला. आता हिच्यावर नुसता फवारा चढणार नव्हता. जोडल्याशिवाय ही कुठेही जाणार नव्हती. साधनाने पाठ सरळ केली. बऱ्याच दिवसांत तिला इतकं बरं वाटलं नव्हतं.

ज्ञानेश परत आला. डबा खाली ठेवला. नळीकडे पाहिलं, फरशीवरच्या दुधाळ पाण्याकडे पाहिलं. तो ओरडेल म्हणून ती तयारीत होती. उत्तरं दातांवर येऊन बसली होती.

“विचारायचं तरी होतंस,” तो म्हणाला.

“तुला? तू काय सांगणार होतास ते कळलंय मला.”

“मला नाही. दिशाला विचारलंस?”

साधनाने हातातला पेपर बादलीत टाकला. तिने धनराजशेठला फोन केला होता. नवऱ्याशी भांडली होती. सासूची साक्ष घेतली होती. आणि जिच्यासाठी हे सगळं, तिला कळवायचं तिच्या मनातही आलं नव्हतं.

* * *

शनिवारी सकाळी दिशा चालतच आली, हातात हेल्मेट. हडकुळी, उन्हाने रापलेली, पायांच्या पोटऱ्या मात्र दगडासारख्या. शेडच्या दारात उभी राहून तिने स्टँडवरची सायकल पाहिली.

“हे कुनी केलं?”

“मी,” साधना म्हणाली. “अगं, हे बघ, इथे—”

“तुमाला कुनी सांगितलं व्हतं?”

“दिशा, आतून मोडलीय ती. हे नाणं ठोक, तुला ऐकू येईल. उतारावर हँडल हातात आलं असतं तुझ्या.”

“मला नका सांगू. मला म्हाईत हाय.”

“काय माहीत आहे?”

“मोडली ते.” दिशाने हेल्मेट खाली आपटलं. “दसऱ्यापासून बोलते ती. गिरणाऱ्याच्या चढाला जोर लावला का कटकट करते. आमच्या सायकलच्या सरांना सांगितलं. सर बोलले, नवी हाय, बसंल. मंग मी गप बसले.”

“आणि तरी तू तिच्यावर बसून घाट उतरणार होतीस?”

“मंग काय पायी पळनार व्हते? मी ठरवलं व्हतं माझं. चढाला घेनार व्हते पुढं, उताराला ब्रेक धरून उतरनार व्हते हळू. चार दिवस तेच करून पाह्यलं मी. तुमी मला विचारलं का? एक फोन? वसतिगृहात फोन हाय, मॅडम देतात बोलाया.”

“मला भीती वाटली गं.”

“तुमाला वाटली ना? म्हंजे तुमच्या जिवाला घोर नको म्हनून माझी रेस घासून काढली तुमी.” पोरीच्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि त्या पाण्याचाही तिला राग आलेला दिसत होता. “मी तुमचं लेकरू नाय, ताई. तुमचं ते, क्रेटात बसलंय.”

साधनाला ते थोबाडीत बसल्यासारखं लागलं, कारण त्यात खोटं काही नव्हतं. ब्रेक धरूनही नळी तुटली असती, हे ती सांगू शकत होती. पण ते काल सांगायचं होतं. 

बाहेर गाडीचा हॉर्न वाजला. धनराजशेठ उतरला, पांढरा सदरा, कपाळाला गंध. मागून गळ्यात कॅमेरा अडकवलेला एक माणूस.

“चला, चला, झाली का तयार आमची—” शेठ दारातच अडला. “अरे! माझं नाव कुठं गेलं?”

“तुमच्या नावाखाली तडा होता, शेठ,” साधना म्हणाली. “दाखवण्यासाठी नाव काढावं लागलं.”

शेठ पुढे आला. वाकला. अंगठा लावून पाहिला आणि झटकन हात मागे घेतला. क्षणभर त्याचा चेहरा खरंच उतरला. साधनाला वाटलं, आता हा माणूस ‘चुकलं’ म्हणेल. तेवढं म्हटलं असतं तरी पुरे होतं.

“ही नारळाची नाही,” तो कॅमेरावाल्याकडे बघत म्हणाला. “पोरीनं आपटलेली दिसतेय कुठंतरी. वसतिगृहात पोरी बसवत असतील एकमेकींना डबलशीट. यांना वस्तू द्यायची म्हणजे असंच. किंमत नसते.”

दिशा आत्तापर्यंत साधनाकडे रोखून बघत होती. ती सावकाश वळली.

“मी आपटली?”

“मी म्हणत नाही मुद्दाम—”

“बारा रात्री माझ्या खाटंला टेकून ठेवली मी तिला. पोरींना हात लावू दिला नाय. चिखल लागला तर माझ्या ओढनीनं पुसली. अन् मी आपटली?”

“शेठ,” दारातून आवाज आला. नवसाबाई चिनूला काखेत मारून उभी होती. “मी व्हते तिथं. हार माझाच व्हता. तीनदा मारला तुमी. माझं लुगडं अजून वाळतंय.”

कॅमेरावाल्याला खोकला आला. शेठचे कान लाल झाले. “ज्ञानेश, तू बोल. बायकांचं सोड. तू ओझरला काम केलेला माणूस. ही चालेल का नाही?”

ज्ञानेश कोपऱ्यात हात पुसत उभा होता. बराच वेळ पुसत होता. साधनाने त्याच्याकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर तिच्या डोळ्यांनी त्याला बोलतं केलं असं झालं असतं, आणि तिला ते नको होतं.

“नाही चालणार,” तो म्हणाला. “मला परवाच कळलं होतं. अंगठा दाबला तेव्हाच तुम्हाला सांगायला पाहिजे होतं. नाही सांगितलं, ते माझं चुकलं, शेठ. आणि तीन ठोसे कुठल्याही नळीनं सोसले नसते.”

“असं का. मग क्लबचं काम बंद समजा. सायकल टाक रे गाडीत,” शेठ बाहेर ड्रायव्हरला ओरडला.

दिशाने स्टँडला दोन्ही हातांनी धरलं. “सायकल माझी हाय.”

“तुझी?”

“तुमी दान केली. पेपरात फोटो छापून आलाय. मी कापून ठेवलाय, वहीत.”

कॅमेरावाला आता छताच्या पत्र्यांकडे फार लक्ष देऊन पाहत होता. शेठ तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटला, ‘भलाईचा जमाना नाही’ असं काहीसं, आणि गाडीत बसला. ड्रायव्हरने गाडी मागे घेताना झेंडूच्या एका वाफ्यावरून चाक नेलं. नवसाबाईने मळ्याच्या टोकापर्यंत त्याला ऐकू जाईल असं काही सुनावलं, ते इथे लिहिण्यासारखं नाही.

 दिशाने अजून स्टँड सोडला नव्हता.

“चिठ्ठी कुठंय तुमची?” ती साधनाला म्हणाली. “सर सांगत व्हते, तुमी कशानं मोडली ते लिवता.”

साधनाने पिवळी चिठ्ठी काढली. कुठे: वरची नळी, हँडलपासून चार बोटं. कशामुळे: नारळ.

“कुनाचा ते लिवा.”

“नाव नको लिहूस कुणाचं,” ज्ञानेश सवयीने म्हणाला.

“का नको, दादा? त्यांनी नव्हतं लिवलं सायकलीवर?”

साधनाने लिहिलं. कशामुळे: धनराजशेठांचा नारळ. तीन वेळा.

मग ज्ञानेशने पोत्याखालून आपली जुनी अ‍ॅल्युमिनियमची सायकल काढली. कॉलेजातली, जाड दांड्यांची, एका बाजूचा रंग उडालेला. कुणी काही न सांगता त्याने सीट खाली घेतली, दिशाला बसवलं, गुडघ्याचा कोन पाहिला, पुन्हा सीट हलवली. चेन बदलली, ब्रेकचे रबर बदलले. दुपार होईपर्यंत तो उठला नाही. साधना शेजारी बसून पाने देत होती. दहाचा पाना मागताना त्याने हात पुढे केला तेव्हा तो तिने हातात ठेवला, फेकला नाही.

“जड हाय,” जाताना दिशा म्हणाली. थँक्यू म्हणाली नाही, आणि साधनाला ते योग्यच वाटलं.

* * *

रविवारी साधना चिनूला कडेवर घेऊन सावळघाटाच्या दुसऱ्या वळणावर उभी होती. ज्ञानेश म्हणाला होता, कशाला जातेस, जीव खालीवर होईल. तो तर घरी बसूनही झालाच असता.

पहिल्या दोघी गेल्या. मग सात-आठ जणींचा घोळका. आणि त्यात ती रंग उडालेली सायकल, दिशा हँडलवर अशी ओणवी झालेली की पाठ सपाट पाटासारखी. वळण आलं. साधनाचे डोळे तिच्या बोटांवर होते.

बोटं ब्रेकवर नव्हती.

 चिनूने टाळ्या वाजवल्या. सायकल वाकली, सरळ झाली आणि खाली निघून गेली. दिशाने तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

ती चौथी आली. तिसरीच्या मागे एका चाकाएवढी. शिबिराला तिघीच जाणार होत्या.

संध्याकाळी तिने सायकल आणून शेडच्या भिंतीला टेकवली. “साडेतीन किलो जास्त व्हतं हिचं वजन,” ती म्हणाली. “मी वसतिगृहाच्या काट्यावर ठेवून पाह्यलं. शेवटच्या चढाला तेवढंच कमी पडलं.”

साधनाने मान हलवली.  तिला पुन्हा तसाच राग आला होता, आणि या खेपेला तो शेठपाशी थांबेना. टाळ्या वाजवणाऱ्यांपर्यंत गेला, ‘नवी हाय, बसंल’ म्हणणाऱ्या सरांपर्यंत गेला, आणि फोन न करणाऱ्या तिच्यापर्यंतही आला.

पुढच्या शुक्रवारी नळी जोडून झाली. पाच पदर, तिरके-सरळ आलटून पालटून, भट्टीत आठ तास. क्लबच्या सायकली येणं थांबलं होतं, त्यामुळे ज्ञानेशला घाई नव्हती; त्याने प्रत्येक पदर दोनदा पाहिला. रंग मारला नाही. दिशाने फोनवर सांगितलं होतं, काळीच राहू दे, दिसू दे.

ती आली तेव्हा साधनाने चिठ्ठी आणि पेन बाजूला ठेवलं आणि नाणं तिच्यापुढे धरलं. “आधी तू ठोक.”

दिशाने नाणं घेतलं. सीटपासून निघाली. टिंग, टिंग. बोटभरही जागा सोडली नाही. काळ्या पट्ट्यावर आली तशी थांबली, कान नळीजवळ नेला.

“इथं जरा येगळा येतो.”

“तिथे पदर जास्त आहेत, भिंत जाड झालीय. आवाज खाली येतो, पण मरत नाही. पुन्हा ऐक.”

दिशाने पुन्हा ठोकलं. मग आजूबाजूला, मग पुन्हा तिथेच, सहा-सात वेळा. साधना उभी राहिली. आत चिनू रडायला लागला, सासू त्याला काहीतरी म्हणाली, तो थांबला. साधना हलली नाही.

“करा सही,” शेवटी दिशा म्हणाली.

साधनाने सही केली. दिशाने तिच्या हातातून पेन घेतलं आणि सहीखाली आपलं नाव लिहिलं, परीक्षेच्या पेपरावर लिहितात तसं, आडनावासकट. मग त्यापुढे ठळक आकड्यांत वसतिगृहाचा फोन नंबर.

“पुढच्या येळी पॉलिश पेपर भिजवायच्या आधी,” ती न हसता म्हणाली, आणि सायकल घेऊन निघाली.